परातीएवढा औदुंबर

आमच्या घरातली एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की ती शोधण्यात वेळ घालवायचा नाही, सरळ गच्चीवर जायचं. पिठाची चाळण गच्चीवर असते, कारण हे तिच्यातून विटांचा चुरा चाळतात. दाभण तिथे, गोधडीचा दोरा तिथे, माझ्या जुन्या पातळाच्या पट्ट्या तिथे, आमच्या लेकीच्या, आरतीच्या, कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा तिथे. एकदा संकष्टीला मोदकांची उकड मळायला परात काढायला गेले तर परात नाही. वर जाऊन बघते तर ह्यांनी माझी पितळी परात उपडी घातलेली, आणि तिच्यावर सिमेंट थापत बसलेले.

"अगं, लई सुबक गोल येतोय बघ," मलाच सांगतात. "असला साचा पुण्यातबी मिळायचा न्हाई."

उपास होता. उपासाच्या दिवशी मी तोंडातून वावगा शब्द काढत नाही. आणि आमच्याकडे आठवड्यात कुठला ना कुठला उपास असतोच, त्यामुळे ह्यांचं फावतं.

ह्यांचं पिंपरी पेंढारला रस्त्याच्या कडेला मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटारी पटापट जळतात, आणि तेव्हाच लोकांचे कांदे, टोमॅटो पाण्यावर आलेले असतात. अशा वेळी माणसानं दुकानात बसावं की नाही? पण जळकी तार मऊ पडते, आणि मऊ तार गुंडाळून झाडाच्या फांदीला हवं तसं वळण देता येतं, हे ज्या दिवशी ह्यांना कळलं त्या दिवसापासून मोटारी खाली आणि हे वर.

कळलं ते असं. खोडदच्या बाजूला पुण्याच्या एका साहेबांचं शेतघर आहे. ब्याण्णव साली त्यांची मोटार बसवायला हे गेले, आणि तिथे ओसरीवर चपट्या कुंडीत वीतभर उंचीचा वड बघितला. पारंब्यांसकट. दुपारी जेवायला येणार होते, ते दिवेलागणीला आले. मला वाटलं मोटार बसेना. मोटार तासाभरातच बसली होती, हेच बसून राहिले होते.

तेव्हापासून वड, पिंपळ, पिंपरण, नांद्रुक, जे म्हणून चिकाचं झाड दिसेल ते गच्चीवर. कुणाच्या भिंतीत पिंपळ उगवला की लोक आधी गवंड्याला सांगायचे, आता ह्यांना सांगतात. एकदा गोरख वायकर जळकी मोटार घेऊन दारात. त्याचा कांदा सुकत होता.

"वहिनी, भाऊ कुठंयत?"

"वडापाशी."

तो बिचारा उन्हात थेट मारुतीच्या देवळामागच्या वडापर्यंत जाऊन आला. "तिथं तर कुणी न्हाई!"

"तो वड नाही हो गोरखभाऊ. आमचा वड गच्चीवर आहे. एवढा." मी हातानं दाखवलं. गोरखनं माझ्या हाताकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझा कांदा मराया लागलाय आन् भाऊ खेळत्यात?"

मी त्याला पाणी दिलं आणि जिन्याखालून ह्यांना हाक मारली.

तर हे सगळं मी चालवून घेतलं. माणसाला काही ना काही नाद असतो, दारूपेक्षा बरा. पण माझ्या औदुंबराला हात लावला, तिथे माझं आणि ह्यांचं बिनसलं.

आमच्या मळ्यात जुनी विहीर आहे. पूर्वी मोट होती, तेव्हा पाणी जिथे पडायचं ते दगडी थारोळं अजून तसंच आहे. त्या थारोळ्याच्या सांध्यात एक उंबर उगवलेलं. देवाचं झाड म्हणून कोणी तोडलं नाही, आणि दगडात अडकलेलं म्हणून ते वाढलं नाही. माझ्या कमरेएवढंच. बुंधा मात्र असा जाडजूड आणि गाठाळ, की वाटावं कोणीतरी म्हातारं माणूस घोंगडी घेऊन बसलंय. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडाबाईंनी, मला तो औदुंबर दाखवला आणि म्हणाल्या, "माझे गुडघे गेले. आता दत्ताचं तू बघ." तेव्हापासून माझा नेम. अंघोळ करून तांब्याभर पाणी औदुंबराला घालायचं, अकरा प्रदक्षिणा घालायच्या, मग तोंडात पाणी. बाळंतपणं आणि अडचणीचे दिवस सोडले तर नेम मोडलेला नाही. त्या दिवसांत आत्याबाई गुडघे धरत जायच्या.

सत्त्याण्णवच्या आषाढात मी दोन दिवस घोडेगावला माहेरी गेले. तिथल्या दत्ताच्या देवळातल्या औदुंबराला पाणी घालून नेम सांभाळला. परत आले, सकाळी तांब्या घेऊन मळ्यात गेले, तर थारोळ्याचे दगड उचकटलेले. मधोमध खड्डा. उंबर नाही.

कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण माझ्या मनात पहिल्यांदा चोरच आला. मग वाटलं, चोर उंबर कशाला नेईल? चोरीच करायची तर शेजारी मोटारीची नवीन केबल पडली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तांब्या तसाच हातात घेऊन मी घरी आले, जिना चढले. गच्चीवर परातीएवढ्या सिमेंटच्या कुंडीत माझा औदुंबर. शेंडा उडवलेला, फांद्या आखूड केलेल्या, बुंध्याला ओली गोणपाटं. आणि हे बाजूला उकिडवे, तोंड भरून हसत.

"ये, ये. तुलाच दाखवायचं व्हतं. सोटमूळ काढताना हाताला फोड आले बघ. असलं खोड माणूस तीस वर्सं खपला तरी व्हायचं न्हाई. दगडानं केलंय हे!"

"अहो, हा माझ्या नेमाचा औदुंबर आहे."

"मंग? झाड तेच हाय, देवबी त्योच हाय. फकस्त पत्ता बदललाय. आन् तुला बरंच झालं की, चिखल तुडवत मळ्यात जायला नको."

मी खाली आले आणि देवासमोर बसले. पाणी प्यायले नाही. भांडले नाही, रडलेही नाही. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं. त्या जिन्याच्या तळाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर चढता येत नव्हतं, पण आवाज चढायचा.

"हौश्या! देव म्हंजी काय तुझी म्हस हाय का रं, हितली सोडली न् तिथं बांधली?"

"आई, तू यात पडू नगंस."

"पडू नगं? पोरगी सकाळधरनं बिनपान्याची बसलीय! आज चूल पेटायची न्हाई ह्या घरात. बघू तुझं ते खोड शिजवून खातोस का!"

दुपार टळली तसे हे खाली आले, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि बहिरू गुरवाला घेऊन आले. बहिरूभाऊ आमच्या गावातल्या देवळाचे पुजारी. वयस्कर माणूस, सगळ्यांशी सबुरीनं बोलणारा. त्यांनी गच्चीवर जाऊन झाड बघितलं आणि म्हणाले, "जागा हालवली तर देवाला सांगाया लागतं. आन् पुन्यांदा पातं लागनार न्हाई म्हून शब्द द्याया लागतो. नारळावर हात ठिवून."

ह्यांना भुकेनं चक्कर यायची वेळ आलेली. नारळावर हात ठेवला आणि भडाभडा बोलून मोकळे झाले, "हां, देतो शब्द. ह्या झाडाला माझ्या हातानं पातं लागणार न्हाई, तार लागणार न्हाई, काय काय लागणार न्हाई. झालं? आता वाढ म्हणावं हिला."

मी औदुंबराला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या आणि मग पिठलं टाकलं.

मला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या दिवशी पोट भरलेलं असताना ह्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. गच्चीवर इतकी झाडं, सगळ्यांना तारा, सगळ्यांची काटछाट, आणि ज्या झाडासाठी हाताला फोड आणले त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. ते बघणं मला रोज बघावं लागायचं. मी प्रदक्षिणा घालायची आणि हे बाजूला स्टुलावर, हनुवटीला हात लावून सुस्कारे सोडत.

मग युक्त्या सुरू झाल्या. आधी बहिरूभाऊंना गाठलं. "बहिरूभाऊ, तार म्हंजी काय पातं न्हाई, व्हय ना?"

"न्हाई की. मी पात्याचंच म्हणलो व्हतो. तार तुमची तुमीच घातली त्यात."

"मंग ती काढून टाकू."

"नारळावरचं कसं काढनार भाऊ? ते काय दुकानातलं बिल हाय का?"

मग फांदी वाकवायला तिला दगड टांगायला सुरुवात केली. दगड म्हणजे तार नाही, पातं नाही. पण आपणच "काय काय लागणार न्हाई" म्हणालो होतो हे रात्री आठवलं, आणि सकाळी दगड गुपचूप उतरले. त्यानंतर साळुबाईची शेळी. साळुबाई आमच्या शेजारीण, मेंढरं विकली तरी दोन शेळ्या ठेवलेल्या. एका दुपारी मी वाती वळत बसले होते, तर हे शेळीला दाव्यानं ओढत जिना चढवतायत.

"अहो, हे काय?"

"अगं, उंबराची पानं लई मोठाली झाल्यात. शेळीनं खाल्ली तर त्यात माझा हात कुठं आला?"

मी कपाळावर हात मारला. शेळीला ह्यांनी उंबरापुढे उभं केलं. तिनं उंबराचा वास घेतला, तोंड फिरवलं आणि शेजारच्या कुंडीतल्या वडाचा शेंडा एका घासात खाल्ला. जो ब्याण्णवपासून वाढवला तो वड. हे "हाड! हाड!" करत धावले, तोवर दुसरा घास. संध्याकाळी साळुबाई दावं न्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, "भाऊजी, उद्या परत आणू का? दूध चांगलं दिलं तिनं आज." त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी जेवले.

झाडं बघायला लोक यायचे. नारायणगावहून, जुन्नरहून, एकदा पुण्याहून गाडी करून. ते सगळी झाडं सोडून उंबरापाशी थांबायचे. "काय खोड आहे हो! पण फांद्या अशा मोकाट का सोडल्यात?" मग हे माझ्याकडे बघायचे. जणू मीच शब्द दिला होता. मी चहाचे कप गोळा करून खाली यायची.

अशी तीन वर्षं गेली. आणि मग औदुंबर सुकायला लागला.

थंडीत उंबर पानं टाकतोच, त्याचं काही वाटलं नाही. पण होळी झाली, पाडवा आला, बाहेरच्या उंबरांना तांबूस पालवी फुटली, आणि आमचा उघडाच. पाणी घातलं की आत जाईना. वरच तळं साचायचं आणि कडेनं ओघळायचं. ह्यांनी नखानं साल खरवडून बघितली. एका फांदीला आत हिरवं होतं, दुसरीला तपकिरी.

"मुळांनी कुंडी भरलीय," म्हणाले. "दर दोन वर्सांनी छाटाया लागत्यात. न्हाई छाटली तर एकमेकांना आवळून मारत्यात. ऊन वाढायच्या आत काय केलं न्हाई तर गेलं हे."

"मग मळ्यात लावू परत. थारोळ्यापाशी."

"तसंच लावलं तरी मुळं त्याच गोलात फिरत बसतील. गुंता काढायाच लागंल. म्हंजी कात्री आलीच."

औदुंबर गेला तर माझा नेम गेला. दुसरं झाड मिळेल, देव सगळीकडे आहे, हे मला ठाऊक आहे. कीर्तनात ऐकलेलं आहे. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ज्याच्याशी मी दिवसाचा पहिला शब्द बोलले ते झाड माझ्या डोळ्यांसमोर वाळणार, आणि ते वाचवायची कला ज्याच्या हातात आहे तो माणूस हात बांधून बसणार.

मला वाटलं, हे चोरून छाटतील. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी मला विचारून काही केलं आहे? परात विचारून नेली? चाळण? औदुंबर? मी वाट बघत राहिले. रोज सकाळी वर जायची आणि मनातल्या मनात म्हणायची, दत्ता, आज ह्यांनी मेलं माझं न ऐकता काहीतरी केलेलं असू दे. कुंडी तशीच.

शेवटी मीच वाट करून दिली. म्हटलं, "मी दोन दिवस घोडेगावला जाऊन येते. गच्चीवर काय चाललंय ते मला दिसायचं नाही."

"जा की," म्हणाले. "तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग."

ह्याहून स्पष्ट मी काय बोलणार? दोन दिवस माहेरी जीव रमला नाही. परत आले, पिशवी खाली टाकली, जिना चढले. कुंडी तशीच. फक्त वर ओल्या गोणपाटाची सावली केलेली, आणि हे जवळ बसून तोंडानं पाणी फवारत होते. आरती म्हणाली, दोन दिवस दुकानाचं शटर उघडलंच नाही.

"काहीच केलं नाही?" मी विचारलं.

"तुला न विचारता कसं करणार?"

जन्मात पहिल्यांदा ह्या माणसानं मला विचारायचं ठरवलं, आणि ते आत्ता!

"शब्द दिलाय गं," हळू आवाजात म्हणाले. "मी काय उपासतापास करत न्हाई, देवळात जात न्हाई. पण नारळावर हात ठिवला व्हता. घरात पोरगी हाय, आईचं वय झालंय. कसं मोडू? तू म्हण. तू नुसतं 'छाटा' म्हण, मी छाटतो. मंग ते तुझ्या नावावर."

"माझ्या नावावर?"

"म्हंजी, देवाचं न् तुझं बरं असतं. तुला चालून जाईल."

सकाळची उठून अंघोळ करते ती मी, उपास करते ती मी, आणि त्या पुण्यावर कात्री चालवणार हे! खाली जाऊन आत्याबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "त्येच्या बापाचंबी असंच व्हतं. जत्रंत कोंबडं कबूल करायचा न् कापाया मला लावायचा."

चार दिवसांनी गुरुवार आला. मी पाणी घातलं. वरच साचलं. अकरा प्रदक्षिणा घातल्या. हे स्टुलावर होतेच. मी नमस्कार करून उठते तोच सुरू झाले, "हे बघ, कात्री अशी तिरकी धरायची. बारीक मुळं ठेवायची, जाड गोल फिरलेली काढायची. तिसरा हिस्सा काढला तरी पुरं. मला पाच मिनटांचं काम हाय गं, पाच मिनटांचं—"

बोटांनी हवेत कात्री चालवत होते. तसंच काहीतरी चार दिवस चाललं होतं. जेवताना चालायचं, झोपताना चालायचं.

"द्या इकडे ती कात्री," मी म्हटलं.

"आँ?"

"शब्द तुम्ही दिलाय. मी नाही दिला."

मी पदर खोचला. द्राक्षांच्या छाटणीची कात्री होती, माझ्या हाताला मोठी. औदुंबरापुढे हात जोडले आणि मनात सांगितलं, दत्ता, बाळाचे केस कापताना जसं बाळ रडतं तसा रडू नकोस, तुझ्यासाठीच आहे. तुळशीची मंजिरीसुद्धा मी कधी द्वादशीला तोडलेली नाही. कात्री हातात, पण हात पुढे जाईना. तेवढ्यात मागून आवाज आला, "आधी कड मोकळी कर, कड! अगं उलथन्यानं!" आणि हात पुढे गेला. रागानं हात चालतात हे मला त्या दिवशी कळलं.

कुंडी उपडी केली. मुळांची चुंबळ झाली होती, डोक्यावर हंड्याखाली ठेवतात तशी, गोल गोल, घट्ट. माती नावालासुद्धा नव्हती. दाभणानं एकेक मूळ सोडवलं.

"ते न्हाई, ते न्हाई! त्याच्या शेजारचं!"

"हे?"

"हां. न्हाई, थांब. व्हय, तेच. अगं, तिरकी!"

पहिलं मूळ कापलं आणि पांढराशुभ्र चीक भळकन आला. माझ्या बोटांवर, बांगड्यांवर. हे एकदम उकिडवे बसले, अगदी जवळ, आणि त्यांचा आवाज बदलला. "चीक हाय. जिवंत हाय गं. मुळं जिवंत हायेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी न बघितल्यासारखं केलं, नाहीतर दोघांचंही काम थांबलं असतं.

मग मी छाटत गेले. हे बोलत गेले. जाड, बारीक, डावं, उजवं, अजून एक, बास, बास म्हणलं ना! अखेरीस मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "अहो, एकदा तरी गप्प बसा!" आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या साळुबाईंनी मान वर केली. हे खरंच गप्प बसले. बाकीचं मी एकटीनं छाटलं. ताजी माती भरली, झाड बसवलं, पाणी घातलं. पाणी साचलं नाही. घोटभर वर थांबलं आणि हळूच आत गेलं. बांगड्यांचा चीक खोबरेल लावून काढायला मला संध्याकाळ लागली.

वैशाखात बुंध्याच्या वरच्या अंगाला तांबूस टोक आलं. मग दुसरं. तपकिरी झालेली फांदी गेली, पण बाकी झाड सावरलं.

आता मी सुखात असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. पण झालं असं, की ह्या झाडाला घरात फक्त माझाच हात चालतो हे ह्यांनी पक्कं धरलं आहे. स्वतः पानालासुद्धा बोट लावत नाहीत. त्यामुळे माझी प्रदक्षिणा सुरू झाली की हे स्टुलावरून उठतात आणि माझ्या मागोमाग फिरायला लागतात.

"ती डावीकडची फांदी बघ. लई पुढं आलीय. आवंदा घेतीस का ती?"

मी बोलत नाही. प्रदक्षिणेत बोलायचं नसतं.

"आन् जरा तार घातलीस तर? तुझ्या हातानं? मऊ तार काढून ठिवलीय. गोरखच्या मोटारीतली. एकच वेढा, गं."

मी पुढे, हे मागे.

"बरं, तार राहू दे. पण शेंडा? शेंड्याचं तरी काय ठरवलंस?"

आणि मी थांबते. सातवी होती की आठवी, काही केल्या आठवत नाही. देवाला हिशेब अर्धवट कसा देणार? तांब्या खाली ठेवते, पदर सावरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. हेही माझ्या मागे, पहिल्यापासून.